सहा खड्ड्यांचा चार्ज

आमच्या पार्कच्या समितीच्या प्रधानजींनी, म्हणजे अध्यक्षांनी, हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याच्या बायकोला फसवलं. ती बदली होऊन गेल्यावर, पाठीमागून फसवलं. तिला शब्द दिलेला मी होतो, म्हणून मीही फसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बाईचं कौतुक करत सुटणार आहे आणि त्यात मुद्दा हरवायला नको.

मी खानापूर तालुक्यातला. जुने दागिने वितळवून त्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं करून द्यायचं, हा आमच्या भागातल्या लोकांचा धंदा. गलाईवाले म्हणतात आम्हाला. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या गल्लीत आमचा एखादा माणूस सोनं वितळवायच्या मुशीसमोर बसलेला सापडेल. मी चंदीगडला आलो तेव्हा अंगावरचे कपडे आणि एका दूरच्या चुलत्याचा पत्ता एवढंच होतं. आधी दुसऱ्याच्या भट्टीवर राबलो, मग स्वतःची टाकली. बाजारात मला ‘मराठा’ म्हणतात. मराठ्याशी भाव करायचा असेल तर जेवून या, असंही म्हणतात. ते खरं आहे. माझा आवाज चढतो, हेही खरं आहे.

सत्तावीस वर्षं झाली, पण या शहराकडे मी दुकान म्हणूनच बघितलं. घर गावाकडे, जमीन गावाकडे, इथं फक्त शटर. आमच्या घरासमोर पार्क आहे. त्यात कुसुम, जांभूळ, पिंपळ अशी मोठी झाडं आहेत, हे मला माहीत होतं. पण कुसुम कुठला आणि जांभूळ कुठलं, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळायची, माळी ढीग करायचा आणि पेटवून द्यायचा. जाळायला बंदी आहे, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. धूर घरात आला की आम्ही खिडकी लावून घ्यायचो. विषय संपला.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी खिडकीतून पाहतो तर एक बाई माळ्याला घेऊन पार्कच्या कोपऱ्यात, नेमक्या माझ्या दारासमोर, खड्डा खणत होती. मी बनियनवरच बाहेर गेलो.

“मॅडम, ये क्या चल रहा है? यहाँ कचरा डालोगे तो बदबू किसके घर में आएगी?”

तिनं माझ्याकडे पाहिलं, हातातलं खोरं टेकवलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, “तुम्ही विट्याकडचे का?”

मी म्हटलं, “तुम्हाला काय माहीत?”

“हिंदी बोलताना इतकं कुणी भांडल्यासारखं बोलत नाही. माझे मामा तिकडचेच.”

मग समजलं, ती साताऱ्याची. नवरा हवाई दलात. सरकारी घर मिळायला वेळ होता म्हणून दोन गल्ल्या सोडून भाड्यानं राहत होते. मी आवाज खाली आणला, पण मुद्दा सोडला नाही.

“ताई, ओळख वेगळी आणि वास वेगळा. वास आला तर मी माझ्या हातानं खड्डा बुजवीन.”

“कबूल,” ती म्हणाली. “आणि नाही आला तर?”

“नाही आला तर काय? नाही आला.”

“असं कसं भाऊ? सौद्याला दुसरी बाजू नको? नाही आला, तर दर रविवारी एक तास तुम्ही इथं काम करायचं.”

माळी हसला. आमची मंडळी दारात उभी राहून ऐकत होती, तीही हसली. “अडकलं एकदाचं,” म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्याला शब्दात पकडत आलो, आणि एका ओळखपाळख नसलेल्या बाईनं मला दोन मिनिटांत बांधून टाकलं. मी हो म्हणालो. वास येणारच, याची मला खात्री होती.

वास आला नाही. तिची पद्धत अशी होती. कोरडी पानं वीतभर, त्यावर शेणाचं पातळ पाणी, त्यावर मूठभर माती, पुन्हा पानं. आंबट ताक मिळालं तर तेही शिंपडायचं. वरून ओलं पोतं. यातली एकही गोष्ट तिनं पुस्तकातून घेतलेली नव्हती. बाईनं नवऱ्यामागे अर्धा देश पालथा घातला होता. खड्ड्याच्या कडेला बांबूच्या कांबी विणून लावायचं ती आसामात असताना शेजारणीकडून शिकली. पोतं ओलं ठेवून एका बादलीत आठवडा काढायचं राजस्थानात शिकली, जिथं पाण्याचा टँकर आला तर आला. ताकाचं तामिळनाडूत कुणा म्हातारीनं सांगितलं होतं. कुठंही गेली की पहिल्या महिन्यात ती तिथल्या बायकांना विचारायची, तुम्ही पानांचं काय करता, खरकट्याचं काय करता, पाणी कुठून आणता. शहाणपणा शिकवायला नाही, शिकायला. इथं आल्यावर माळ्याच्या बायकोकडून तिनं झाडांची नावं पंजाबीत पाठ केली. सत्तावीस वर्षांत मी पंजाबी शिकलो ती फक्त भाव करण्यापुरती.

पण माझा विश्वास बसला तो या कशानंच नाही. दीड महिन्यानं तिनं खड्ड्याच्या पोटात लोखंडी सळई खुपसली, थोडी थांबली, बाहेर काढून माझ्यासमोर धरली. “हात लावा.”

मी धरली आणि सोडली. सळई चटका बसावा इतकी तापली होती. मी भट्टीचा माणूस आहे. रंगावरून ताव ओळखतो. पण ना कोळसा, ना गॅस, ना भाता, आणि मेलेल्या पानांच्या आत एवढी उष्णता? मी पुन्हा सळई खुपसली, पुन्हा काढली. ती माझ्याकडे बघत होती. “तुमचाच धंदा आहे भाऊ,” ती म्हणाली. “जुनं मोडून त्यातलं चांगलं काढायचं.”

त्या दिवसापासून मी रविवारची वाट बघायला लागलो. माझ्याकडे एक गुण होता, तो कामी आला. हलवायाकडचं आंबलेलं ताक, डेअरीचं शेण, आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा, हे सगळं मी भांडून मिळवायचो. ताई शेजारी उभी राहून ऐकायची. एकदा मी डेअरीवाल्याला फारच टोचून बोललो, तर परत येताना म्हणाली, “भाऊ, तो देणारच होता. तुम्ही भांडायचं म्हणून भांडलात.”

“ताई, न भांडता मिळालेली वस्तू मला घरी आणवत नाही.”

“मग बायकोला कसं आणलंत? भांडूनच?”

आमची मंडळी हे वाक्य अजून पाहुण्यांना सांगते.

एकदाच आमचं खरं वाजलं. ती दुकानात आली होती. सोनं शुद्ध करताना तेजाब वापरतात, त्याचा तपकिरी धूर निघतो. माझा धूर मागच्या भिंतीतल्या पाइपातून बाहेर जायचा. तिनं विचारलं, “हा कुठं जातो?”

“वर.”

“वर म्हणजे कुठं?”

पित्त खवळलं. मी म्हटलं, “ताई, तुम्ही पानांपुरतं बघा. या धुरावर मी दोन बहिणींची लग्नं केली.” गिऱ्हाइकासमोर ओरडलो. ती उठून गेली. मला वाटलं, संपलं. पण रविवारी ती नेहमीसारखी पार्कात हजर होती आणि माझ्यासाठी दुसरं खोरं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. अर्धा तास आम्ही पानं पसरली. मग ती म्हणाली, “मी बंद करा म्हटलं नव्हतं. कमी खर्चात काय करता येईल हे तुमच्याइतकं चांगलं कोण शोधणार, म्हणून विचारलं.”

अशी बाई. दोन महिने मी लुधियानाच्या फेऱ्या मारल्या आणि धूर सोड्याच्या पाण्यातून नेणारी टाकी बसवून घेतली. माझा सकाळचा खोकला गेला. गल्लीतल्या आणखी दोघांनी टाकी बसवली. मी कुणाला सांगितलं नाही की हे ताईमुळे. म्हटलं, मला सुचलं. आज सांगतो.

अडीच वर्षांत एकाचे सहा खड्डे झाले. सेक्टर ३९ च्या सूक्ष्मजंतूंवरच्या संस्थेत संशोधन करणारी दोन मुलं येऊन खत बघून गेली, पुढच्या गल्लीतल्या बायका पानं आणून द्यायला लागल्या, माळ्यानं जाळणं सोडलं. आणि मग बदलीचा कागद आला.

मला वाटलं, ती रडेल, निदान हळहळेल. तिनं वही काढली. सहा खड्डे, प्रत्येकात किती थर, कुठला कधी उघडायचा, दोन चाळण्या, सळई, बांबू, पोती, अशी सगळी यादी केली. खाली दोन जागा, ‘चार्ज देणार’ आणि ‘चार्ज घेणार’. पार्कात समितीला बोलावलं, समोसे मागवले.

मी म्हटलं, “ताई, हे काय, विमान देताय का?”

“आमच्याकडे चमचासुद्धा असाच देतात भाऊ. घर सोडताना खुर्च्या मोजून पुढच्याच्या ताब्यात द्यायच्या. सही झाली की काळजी संपली.”

तेव्हाच्या प्रधानजींनी सही केली. भला माणूस. आताचे प्रधानजी तेव्हा समितीचे सचिव होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, दोन समोसे खाल्ले, “मॅडम जी, चिंता मत करो, ये तो अब हमारे बच्चे हैं,” म्हणाले, आणि स्वतःच्या गुलाबांसाठी खताची एक गोणी घेऊन गेले.

माझ्याकडे वळून ताई म्हणाली, “आणि भाऊ, तुमची सही नको. तुमचा शब्द पुरे.” मी दिला.

तिची चूक असलीच तर ही एकच. ती ज्या जगातून आली तिथं सही माणसाची नसते, खुर्चीची असते. खुर्चीवर उद्या दुसरा बसला तरी आधीच्यानं घेतलेला चार्ज त्याला पाळावाच लागतो. आमच्या समितीत तसं नसतं. जुने प्रधानजी मुलाकडे कॅनडाला निघून गेले, सचिव प्रधान झाले. वर्षभर सगळं ठीक चाललं. गेल्या हिवाळ्यात मी भाचीच्या लग्नाला दहा दिवस गावाला गेलो. परतताना दिल्लीहून बसनं सेक्टर ४३ च्या स्टँडला उतरलो, ऑटोनं घरी आलो, आणि ऑटोतून उतरायच्या आधीच पाहिलं. सहाही खड्डे वाळू टाकून बुजवलेले, वर फरशीचे ठोकळे, आणि त्यावर तीन गाड्या. पहिली प्रधानजींची.

मी बॅग रस्त्यातच टाकली आणि त्यांची घंटी वाजवली.

“भाईसाहब,” ते म्हणाले, “खड्डे थे, बच्चे गिर जाते.”

“चार साल में कौन गिरा? नाम बताओ.”

“गिर सकते थे ना जी.”

मी यादीचा फोटो दाखवला. सही दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं आणि फोन परत दिला. “ये तो पुराने प्रधान जी के साइन हैं. मेरे कहाँ हैं?”

बाजारात मी भल्याभल्यांना गप्प केलं आहे. त्या दारातून मी फोन खिशात टाकून परत फिरलो. दोन खड्ड्यांतलं खत आठवड्याभरात तयार होणार होतं. ते वाळूखाली गेलं. आता माळी पुन्हा पानं जाळतो. त्याला मी कुठल्या तोंडानं बोलू? त्याला पानं टाकायला जागाच कुठं ठेवली आहे?

ताई आता पार दुसऱ्या टोकाला आहे, समुद्राजवळ. महिन्यातून एकदा फोन येतो. तिथं नारळाच्या झावळ्यांचं काय करायचं हे ती कोळणींकडून शिकते आहे, ते रंगवून सांगते. मग विचारते, “आपले खड्डे काय म्हणतात?” मी म्हणतो, “चाललंय.” चार वेळा म्हणालो. गिऱ्हाइकाच्या सोन्यात मी गुंजभर खोट केली नाही, आणि जिनं मला झाडांकडे मान वर करून बघायला लावलं, तिच्याशी चार वेळा खोटं बोललो. मला झोंबतं ते हे. फरशी उखडता येते. हे कसं उखडू?

तेव्हा प्रधानजी, हे मी मराठीत लिहिलं असलं तरी समितीच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर हिंदीत वाचून दाखवणार आहे. खुर्चीनं घेतलेला चार्ज खुर्चीवर बसलेल्यानं का मोडला, याचा जाब तुम्ही द्यायचा आहे. मला नको. माझ्याशी तुम्ही भाव कराल, मी आवाज चढवीन, आणि लोक म्हणतील, मराठा भांडतोय. ताईला फोन मी लावून देतो. पुढचं खरं तुम्ही सांगा, हिंदीत सांगा नाहीतर पंजाबीत. तिला दोन्ही येतात.