काकांचे अतारांकित प्रश्न

“विचारायला काय जातं?” असं म्हणत काका खुर्ची ओढायचे आणि सदऱ्याच्या खिशातून चार-पाच चिठ्ठ्या काढून माझ्या की-बोर्डवर ठेवायचे. की-बोर्डवरच. शेजारी हातभर टेबल मोकळं असायचं, पण तिथं ठेवलं तर मी आधी दुसऱ्याचं काम उरकीन, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ग्वाल्हेरात नई सडकेवर माझं टायपिंगचं दुकान आहे. शपथपत्रं, भाडेकरार, लग्नाचे बायोडाटा. त्या दुकानातली एक प्लास्टिकची खुर्ची सहा वर्षं काकांचं, म्हणजे एका खासदाराचं, कार्यालय होती, असं सांगितलं की नवं गिऱ्हाईक माझ्याकडे संशयानं बघतं. तुम्हीही बघाल. दिल्लीत त्यांना घर होतं, टपाल पाहायला माणूस होता, सगळं होतं. पण प्रश्न टाइप होणार तो इथंच, आणि पत्रव्यवहाराचा पत्ताही माझ्याच दुकानाचा. “घरी मी सापडत नाही, तू सापडतेस,” हे त्यांचं कारण.

थंडीत सकाळी फूलबागेत फिरायला जाणाऱ्यांपैकी कुणी असाल, तर तुम्हाला ते आठवतील. धुक्यात आधी त्यांचा खोकला यायचा, मग मफलर, मग ते स्वतः. सोबत कुणी ना कुणी असायचंच, आणि बोलत असायचं ते सोबतचं माणूस. काका नुसते ऐकायचे आणि मध्येच थांबून गुडघ्यावर कागद ठेवून काहीतरी लिहून घ्यायचे.

वरच्या सभागृहात, राज्यसभेत, ते पोचले कसे, याच्या ग्वाल्हेरात तीन-चार कथा आहेत. मला पटते ती अशी. ते कॉलेजात भूगोल शिकवायचे, आणि विधानसभेत दोन्ही बाजूंना त्यांचे विद्यार्थी होते. आमदारांच्या मतांवर भरायच्या एका जागेवरून काही केल्या जमेना. याचा माणूस त्याला नको, त्याचा याला नको. तेव्हा कुणीतरी म्हणालं, सर चालतील का? सरांनी ज्यांना कॉपी करताना वर्गाबाहेर काढलं होतं, तेसुद्धा हो म्हणाले. निरोप आला तेव्हा काका भाजी घेत होते. “मग मी मेथी परत ठेवली,” ते सांगायचे. “म्हटलं, दिल्लीला जावं लागेल, उगीच सुकून जायची.”

ते अपक्ष होते. म्हणजे काय, ते मला दिल्लीला एकदा प्रेक्षकांच्या सज्जात बसल्यावर कळलं. अपक्षाला हुकूम सोडणारं कुणी नसतं, आणि बोलायला वेळ काढून देणारंही कुणी नसतं. सकाळपासून मोठ्या पक्षांची माणसं बोलली. काकांची पाळी आली तेव्हा दुपार कलली होती आणि सभागृह अर्धं रिकामं झालं होतं. वरून खाली बघताना सगळं कसं पाण्याच्या तळाशी चाललंय असं वाटत होतं. काका शेवटच्या रांगेत उभे राहिले. विषय आमच्याकडच्या बीहडांचा, चंबळकाठी पावसानं जमीन कापून झालेल्या घळींचा. “महोदय, हमारे यहाँ ज़मीन चुपचाप जाती है. किसान शाम को खेत देखकर सोता है…” आणि घंटा वाजली. दोन मिनिटं संपली. काका वाक्याच्या मध्यावर थांबले, हात जोडले आणि खाली बसले.

मला असा संताप आला! घंटा वाजली म्हणून काय झालं, बाकीचे नाही का रेटून बोलत? पण भांडणार कुणाशी. परतीच्या गाडीत बसलो. धौलपूर गेलं, गाडी चंबळच्या पुलावर आली. उन्हं उतरली होती, खालचं पाणी आणि दरडी एकाच रंगाच्या झाल्या होत्या. काका काचेला कपाळ टेकून म्हणाले, “…और सुबह उसका खेत एक हाथ छोटा होता है.”

मी दचकलेच. त्यांनी दुपारचं वाक्य पुरं केलं होतं.

“अर्धं राहिलं की मला जेवण जात नाही,” ते म्हणाले, आणि डबा उघडला.

बोलायला मिळत नाही, म्हणून त्यांनी प्रश्न विचारायचा रस्ता धरला. प्रश्नाला पक्ष लागत नाही, नोटीस लागते. त्यातही दोन प्रकार. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात. अतारांकिताचं उत्तर कागदावर येतं, बस. तारांकितासाठी सोडतीत नाव निघावं लागतं, आणि काकांचं नाव जवळजवळ कधी निघालं नाही. त्यांना त्याचं वाईटही वाटायचं नाही. “कागद बरा,” म्हणायचे. “कागद घरी नेता येतो.”

आणि ते नेत. गंमत पुढंच आहे. उत्तर आलं की काका माझ्याकडून ते मोठ्या अक्षरांत छापून घेत, आणि ज्यानं प्रश्न दिला असेल त्याच्या घरी जाऊन वाचून दाखवत. फोनवर नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं होतं, देशात चिमण्या मोजतात का? मी डोक्याला हात लावला. पण प्रश्न गेला, आणि उत्तर आलं. “(क): जी नहीं. (ख) से (घ): प्रश्न नहीं उठता.” काका ते घेऊन त्यांच्या गच्चीवर गेले, चष्मा लावून क-पासून घ-पर्यंत वाचलं. बाई म्हणाल्या, “म्हणजे कुणीच मोजत नाही? मग मी मोजते त्याच खऱ्या.” काकांना हे इतकं आवडलं की आठवडाभर ते सगळ्यांना सांगत हिंडत होते.

आता इंजिनाचं सांगते.

इथंच शहरात, हजीऱ्याला, एक निवृत्त रेल्वे ड्रायव्हर राहतात. मूळचं घराणं फौजेतलं. पणजोबांनी घोडे सांभाळले, यांनी इंजिन. छोट्या लाइनचं इंजिन. ग्वाल्हेरहून निघून शेताशेतांतून श्योपुरापर्यंत जाणारी ती लहान गाडी तुम्ही पाहिली असेल. वाटेत माणसं उतरून हरभरा उपटून पुन्हा चढायची, इतक्या सावकाश जायची. मोठी लाइन टाकायची म्हणून ती बंद झाली. डबे, इंजिनं सगळं कुठं कुठं गेलं. ड्रायव्हरसाहेब ऐंशीच्या घरातले, हृदयाचं दुखणं, डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केलेली. त्यांनी काकांना घरी बोलावून घेतलं.

“गाडी बंद झाली, ठीक आहे,” ते म्हणाले. “मोठी लाइन तर पाहिजेच. लेकिन माझं इंजिन तोडलं की ठेवलं, बस इतना मालूम हो जाए. रोज सपन्यात शेडमध्ये जातो मी, आणि ते तिथं नसतं. तोडलं असेल तर तसं सांगा. मी रडून घेईन एकदा.”

इंजिनाचा नंबर त्यांना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा जास्त पाठ होता. काकांनी तो चिठ्ठीवर लिहून आणला.

“काका, लोक हसतील,” मी म्हटलं. “देशाच्या सभागृहात एका इंजिनाचा पत्ता विचारणार तुम्ही?”

“देशाचं विचारायला बाकीचे आहेत ना गं. तू टाइप तर कर, बाकी देख लेंगे.”

उत्तर आलं. “(क) से (ग): सूचना एकत्र की जा रही है और सभा पटल पर रख दी जाएगी.” मी म्हटलं, माहिती गोळा करताहेत म्हणजे झालं, बासनात गेलं. काका मात्र खूष. असं लिहून दिलं की ते सरकारचं आश्वासन होतं, त्यांनी मला समजावलं. त्याची यादी असते, ती बघायला एक समिती असते. आश्वासन पुरं होईपर्यंत यादीतून निघत नाही. “मी सभागृहात असो, नसो,” ते म्हणाले.

हा कागदही त्यांनी हजीऱ्याला नेऊन वाचला. मी सोबत होते. ड्रायव्हरसाहेबांनी कान देऊन ऐकलं. “म्हणजे शोधायला निघाले?”

“निघाले,” काका म्हणाले.

“मग वेळ लागणारच. छोट्या लाइनचं काम आहे.”

त्यानंतर दर पंधरवड्याला काका तिथं जायचे, अजून आलं नाही एवढं सांगायला. दोघं अंगणातल्या खाटेवर बसायचे. सूनबाई चहा ठेवून जायची. ड्रायव्हरसाहेब डोळे मिटून स्टेशनं म्हणायला लागायचे: घोसीपुरा, मोतीझील, मिलावली, सुमावली, जौरा… प्रत्येक स्टेशनानंतर थांबायचे, गाडी जितकी थांबायची तितके. भिंतीवरचं ऊन सरकत असायचं. कैलारस येईतो काकांना झोप लागलेली असायची. ड्रायव्हरसाहेब आवाज खाली आणायचे, पण श्योपूर येईपर्यंत गाडी सोडायचे नाहीत.

सहा वर्षं संपली. निवृत्त होणाऱ्यांच्या निरोपाची भाषणं झाली, त्यातही काका सर्वांत शेवटी. एक सुटकेस घेऊन ते परत आले, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन बसले. प्रश्न विचारायचा अधिकार आता नव्हता. लोक चिठ्ठ्या देत, तर ते समजावून परत करत. बोलता बोलता हात खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. मला ते बघवायचं नाही. मी उगीच प्रिंटरशी खुडबुड करायची.

एकच काम राहिलं होतं. दर दोन महिन्यांनी ते माझ्याकडून समितीला पत्र टाइप करून घेत: अमुक प्रश्नाचं आश्वासन अद्याप बाकी आहे, ज्यांच्यासाठी विचारलं त्यांचं वय झालेलं आहे, कृपया लवकर कळवावं. खाली सही, आणि सहीखाली ‘पूर्व सदस्य’, म्हणजे माजी. एकदा मी चिडून म्हटलं, “काका, ते एक इंजिन सोडा ना आता.” ते रागावले नाहीत. म्हणाले, “अगं, मी त्यांना निघाले म्हणून सांगितलंय. नाही पोचले, तर खोटं मी बोललो ना?” त्या सगळ्या वर्षांत एवढ्या काकुळतीनं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

पुढच्याच थंडीत काका गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी पहाटे नाहीत. फूलबागेत त्या आठवड्यात नुसतं धुकं होतं आणि माणसं एकमेकांशी न बोलता फिरत होती. मला फार रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा, ते आजही सांगता येणार नाही. ड्रायव्हरसाहेब डॉक्टरांचं न ऐकता रिक्षा करून आले, काकांच्या दारात अर्धा तास हात जोडून बसले आणि गेले.

चैत्रात पत्र आलं. लांब सरकारी लिफाफा, वर काकांचं नाव, खाली माझ्या दुकानाचा पत्ता. मी उघडावं की नाही, असं वाटलं. मग उघडलं. वाचलं, स्कॅन केलं, मोठ्या अक्षरांत छापलं आणि दुपारीच शटर ओढून हजीऱ्याला गेले.

ड्रायव्हरसाहेब खाटेवर पडून होते. मला बघून सूनबाईनं त्यांना टेकून बसवलं. काका वाचायचे तसं मी क-पासून वाचायला लागले. त्या क्रमांकाचं इंजिन मोडीत काढलेलं नाही. ते रंगरंगोटी करून एका दूरच्या गावी रेल्वेच्या आवारात, लोकांना पाहण्यासाठी उभं करून ठेवलं आहे.

“फिर से वाच,” ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

“तोडलं नाही?”

“नाही. उभं आहे.”

त्यांचा चेहरा असा काही मोकळा झाला, की सूनबाईच तोंडाला पदर लावून आत गेली. बराच वेळ ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. इंजिन दिसत असावं त्यांना तिथं. मग कपाळाला आठी पडली.

“आवारात म्हणजे बाहेर? उघड्यावर?”

“असेल. लिहिलं नाही तसं.”

“कॅबचा पत्रा उन्हात फार तापतो त्याचा. पावसात गळतो पण. काकांना सांगा ना जरा, एवढं पूछून घ्या म्हणावं. वर छत आहे की नाही.”

ते माझ्याकडे बघत होते. काका गेले तेव्हा त्यांच्या दारात हात जोडून बसलेला माणूस हाच. मी म्हटलं, “सांगते.”

दुकानात आले, शटर उघडलं, पंखा लावला. एक भाडेकरार अर्धवट पडला होता, तो बाजूला केला आणि नवं पान घेतलं. क्या मंत्री महोदय यह बताने की कृपा करेंगे कि (क) उक्त इंजिन के ऊपर छत है अथवा नहीं. (ख) यदि नहीं, तो कब तक डाली जाएगी. दोनच ओळींचा प्रश्न. सगळ्यांत वर, विचारणाऱ्या सदस्याचं नाव घालावं लागतं. तिथं टाइप करायला मला एकच नाव येत होतं.