मास्तरांच्या गाडीतले पाणी

सोलापुरात नळाला पाणी कधी येईल या काळजीत सगळेच असतात. पाणी आत कुठून येते या काळजीने वाळलेला माणूस मी एकच पाहिला. आमच्या शेजारचे निवृत्त चित्रकला शिक्षक. पाऊस झाला की त्यांच्या जुन्या गाडीत पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी पाणी साचे. मास्तर तिथे रोज सकाळी आमचे वर्तमानपत्र पसरत, संध्याकाळी उचलून डाग तपासत आणि कुंपणावरून मला कळवत, "आज तुमचं पान तीन भिजलं." गाडीत बसणाऱ्याने चपला हातात घ्याव्यात, असा नियम होता. भोक म्हणजे गळती, हा सिद्धान्त. दिसेल ते भोक त्यांनी सिलिकॉनने बुजवले होते, तेही पट्टीने आखल्यासारखे सरळ.

काळजी गाडीची नव्हती. त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, दमा. ओल्या कार्पेटच्या कुबट वासाने त्यांना अक्कलकोट नाक्यापर्यंतही बसवत नसे. बसच्या पायऱ्या गुडघ्यांना जमत नसत आणि भाड्याच्या गाडीतल्या अत्तराने धाप आणखी वाढे. कर्नाटकाच्या सीमेजवळ दुधनीला काकूंची आई अंथरुणाला खिळलेली. फोनवर त्या आईशी कन्नडमधून बोलत. मला त्यातला एकच शब्द कळे, "नाळे", म्हणजे उद्या. भेटीला येण्याचा तो वायदा रोज कानावर येई.

एका सकाळी दुधनीहून फोन आला, आईने जेवण सोडले. सुदैवाने नळाचा दिवस होता. मास्तरांनी चारही दारांच्या रबरांना खडूची पूड चोळली, बॅटरी घेऊन आत बसले आणि मला पाइप धरायला लावला. "आत या म्हटल्यावर येत न्हाई ते पाणी," काकू दारातून म्हणाल्या, "ह्यांच्या गाडीत न बोलावता येतंय." दारांवरचा खडू कोरडा, पांढराच राहिला. मी पाइप पुढच्या काचेच्या बुडाशी नेला, तसा आतून आवाज आला, "थांबवा." ब्लोअरमधून पाणी खाली ठिबकत होते. बॉनेट उघडले. काचेखालच्या खोबणीत तळे साचलेले आणि पाणी बाहेर जाण्याची दोन्ही भोके सिलिकॉनने बंद. रेघ अगदी सरळ.

मास्तरांनी त्या रेघेवरून बोट फिरवले. मग काकूंकडे वळून म्हणाले, "जायची वाट मीच बुजवली की."

"मग उघडा. मला जायचंय."

शाळेतल्या जुन्या कंपासच्या टोकाने त्यांनी ती भोके मोकळी केली. पाणी चाकामागे जमिनीवर पडले. ओले कार्पेट उपसून माझ्या अंगणात टाकले, पत्रा पंचाने पुसला आणि दुपारी दोघे निघाले. काकूंच्या पायांखाली आमचा ताजा अंक होता.

आईने लेकीचा हात ओळखला. त्यानंतर ती आठवडाभरच होती.

आता पाऊस झाला तरी गाडी कोरडी असते. मास्तर मात्र अजून वर्तमानपत्र पसरतात. परवा संध्याकाळी त्यांनी ते उचलले, दोन्ही बाजूंनी पाहिले आणि दारात बसलेल्या काकूंना म्हणाले, "कोरडी हाय गाडी. कुठं जाऊन येऊ या का?"

काकूंनी गाडीकडे पाहिले. "नाळे," म्हणाल्या.