पपईला टांगलेली जत्रा

तुळसाकाकी आली तेव्हा मी पडवीत लॅपटॉप घेऊन आईबाबांच्या लग्नाची डिस्क संगणकात उतरवत बसले होते. काकी आमची शेजारीण. धामापुरात तिचं आणि आमचं कुंपण एकच. तिच्या हातात एक डिस्क होती आणि डिस्कच्या भोकात अजून सुंभ ओवलेला.

“गौरजा, तुझ्या मशीनीत ही जाता काय बघ गो.”

“काकी, ही तर पपईवरची!”

“होय तर. वांदरांका भियवूक टांगलेली. वांदर खंय भियतत! पपई खातत आणि हेच्यात आपला तोंड बघतत.”

प्लेयर बिघडले तशा आमच्याकडच्या बहुतेक डिस्क झाडांवर गेल्या. काकीनेही घरातला गठ्ठा न बघताच टांगला होता. परवा मुंबईहून किशोरीने, तिच्या मुलीने, फोनवर विचारलं, “आये, बाबांची जत्रेची डिस्क खंय आसा?” तेव्हा तिला कळलं आपण काय करून बसलो ते.

काकीचे यजमान भिकाजीकाका दिवसा माडावर चढून नारळ पाडायचे आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारात राणी व्हायचे. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. मला आठवते ती त्यांची चाल. मिशी काढली की अंगणातही ते जरा राणीसारखेच चालायचे.

आमच्या जत्रेत अगदी शेवटी, दहीकाल्याआधी, राणी आरतीचं ताट घेऊन प्रेक्षकांत फिरते. जत्रेचं शूटिंग झालं त्या वर्षी काका काकीसमोर येऊन थांबले आणि राणीच्या आवाजात म्हणाले, “वयनी, ताटात कायतरी घाला. घराक घोव वाट बघता माझो!” नवराच बायकोला घरच्या नवऱ्याचं सांगतोय, म्हणून सगळ्या बायका हसल्या. काकीने पदरात तोंड लपवलं. काका वाकून आणखी काहीतरी बोलले, ते तिला हशात ऐकू आलं नाही. घरी येऊन विचारलं, तर म्हणाले, “डिस्केत येतला. बघ.” पण घरात डिस्क लागली आणि तो भाग जवळ आला, की सगळे तिच्याकडे बघून खोकायचे आणि ती लाजून चुलीकडे पळायची. तो भाग तिने कधी बघितलाच नाही.

“ते काय म्हणाले, तेवढा माका ऐकूक होया,” ती म्हणाली. “बाकी जत्रा गेली तरी चलात.”

नेमकी तिथेच अडचण होती. डिस्क आतून बाहेर वाचली जाते. सुरुवात भोकाजवळ असते, शेवट कडेला. आणि वाऱ्यावर फांदीला आपटून कडच खरवडली गेली होती. मी डिस्क साबणाच्या पाण्याने धुतली, मधून कडेकडे पुसली आणि सॉफ्टवेअर चालू केलं. गणपती आला, संकासुर आला, राणीही आली. राणी रडली तेव्हा काकीचेही डोळे भरले. लगेच ती म्हणाली, “रडूक बरा येय ह्यांका. घरात कधी रडले नाय.”

मग सॉफ्टवेअर थांबलं. इथून पुढे वाचता येत नाही, असं सांगून त्याने कॉपी सोडून दिली. मी सेटिंग बदललं: वेग सगळ्यात कमी, न वाचलेला भाग सोडून पुढे जा. ड्राइव्ह घरघरत राहिला. काकी घरी जाऊन भात उतरवून परत आली.

आलं ते असं आलं: पडद्यावर रंगीत चौकोन, त्यातून ताट, ताटाखाली हात. चेहरा नाही. पण आवाज स्वच्छ. “वयनी, ताटात कायतरी घाला...” काकणं किणकिणली. “...घोव वाट बघता माझो!” हशा उठला आणि चित्र गोठलं. पुढे काही नव्हतं.

“परत लाव,” काकी म्हणाली.

मी परत लावलं. तिने पडद्यावरच्या हाताला बोट लावलं.

“ही काकणां माझी. मी एक माप मोठी घेय, म्हणजे दोघांका होयत. माझ्या हातात ढिली जायत. कासारीण हसा माका.” तिने आपल्या मोकळ्या मनगटावरून हात फिरवला. “ह्यांच्या दिवसांका काढली ती. ती वाजतत कशी, ता मी इसारलंय.”

ती पडद्याच्या जवळ सरकली. मग म्हणाली, “तेव्हा ते बोलत, तर मी उठान जाय. आता मी बसलंय, तर ह्येच गप्प.”

किणकिणीपर्यंतचा तुकडा मी तिच्या फोनमध्ये घातला. डिस्क मात्र तिने परत नेली नाही. ती अजून माझ्या ड्राइव्हमध्ये फिरते आहे आणि सॉफ्टवेअर त्याच कडेवर पुन्हापुन्हा प्रयत्न करतं आहे. तिथून बहुधा काही निघणार नाही, हे मला माहीत आहे. पण दुपारची भांडी झाली की काकी कुंपणाशी येते.

“वाचता काय गो?”

“वाचतंय, काकी,” मी म्हणते.