उजव्या खांद्याचं ठिगळ

परवा गावी आईच्या ट्रंकेत, अगदी तळाशी, जुना खाकी शर्ट सापडला. आई जाऊन सव्वा महिना झाला. तिची लुगडी कोणाकोणाला द्यायची ते बघत होतो... आणि हा हाताला लागला.

मी इथे फारसं लिहीत नाही. पण या शर्टाची गोष्ट माहीत असलेला आता मी एकटाच उरलोय, म्हणून लिहितो.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर आमचं गाव. वडील चिरेखाणीवर होते, जांभ्या दगडाचे चिरे खांद्यावरून ट्रकपर्यंत वाहायचे. शिमगा झाला, तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ते गेले.

तेराव्यानंतर रीतीप्रमाणे त्यांचे कपडे देऊन टाकले. त्यांचा एक खाकी शर्ट मात्र आईने खुंटीवरून काढू दिला नाही. त्यानंतर ती वडिलांबद्दल एक अक्षर बोलली नाही, रडलीही नाही. मीही मुळात कमी बोलणारा. घरात दोघंच... दिवसच्या दिवस मुके जायचे.

मे महिन्यात खाणीवर सिनेमावाले आले. खाणकामगारांवरचा सिनेमा होता, गाणी नाहीत, मारामारी नाही. पात्रांचे कपडे आणि सामान बघणाऱ्या एक बाई मुंबईहून आल्या होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. शाळेला सुट्टी होती, तिथे एका वर्गात त्यांनी कपडे मांडले होते. मी तालुक्याला क्लार्क होतो, तेव्हा रजेवर होतो. अक्षर बरं म्हणून सरपंचांनी मला त्यांच्या मदतीला दिलं.

त्यांच्या वहीत प्रत्येक पात्राला एक पान होतं. शर्ट किती, चप्पल कसली, खिशात काय... गावातून जुनं घ्यायचं आणि बदल्यात नवं द्यायचं. मुकादमाची छत्री, पाणी प्यायचा जर्मनचा म्हणजे ॲल्युमिनियमचा तांब्या, चुन्याची डबी, सगळं मी जमवून दिलं.

नायक उंच, माझ्या वडिलांएवढाच. त्याच्या मापाचा जुना शर्ट काही मिळेना. शिवाय चिरा घेऊन पडण्याचा प्रसंग होता, त्यात शर्ट फाटणार, म्हणून एकसारखे तीन हवे होते. ताईंनी तीन नवे खाकी शिवून घेतले, चहाच्या पाण्यात बुडवले, दगडावर घासले आणि कोपरावर ठिगळं लावली.

मी ते बघितले आणि तोंडातून निघून गेलं, "ताई, चिरे वाहणाऱ्याचा कोपर नाही फाटत. उजवा खांदा फाटतो."

"एखादा दाखवशील?" त्या म्हणाल्या.

बोलून तर बसलो होतो... घरी आलो. आई नदीवर गेली होती. खुंटीवरचा, उजव्या खांद्यावर आईचं ठिगळ असलेला शर्ट काढला आणि नेऊन दिला. ताईंनी नमुन्यासाठी एक दिवस ठेवून घेतला.

संध्याकाळी आईने रिकामी खुंटी बघितली. "शर्ट कुठं हाय?" मी सांगितलं. त्या दिवशी चूल पेटली नाही. तिच्याकडे तेवढंच उरलं होतं आणि ते मी न विचारता उचलून दिलं... आता ही माझ्याशीही बोलायची नाही, असंच वाटलं.

सकाळी बघतो तर पदर खोचून अंगणात उभी. "चल."

शाळेत टेबलावर वडिलांचा शर्ट पसरलेला, शेजारी तिन्ही नवे. ताईंनी कोपरावरची ठिगळं उसवून खांद्यावर लावली होती. मी दारातच थांबलो. आईने वडिलांच्या शर्टाला हात लावला नाही. नवा उचलला, उजेडात धरला.

"ह्यो टाका कोनी घातलान?"

"मीच," ताई जरा दबकून म्हणाल्या.

"ठिगळ सरळ घातलंस गो बाय. चिरा मागं कलतो, ते मागं घ्यायला हवं. सुई हाय?"

आणि ती खाली बसली. एकेक ठिगळ उसवत, लावत बोलायला लागली. लहानपणी आंब्यावरून पडल्यामुळे ह्यांचा डावा खांदा कामाचा नव्हता, म्हणून सगळं उजव्यावर. ह्यांना घाई इतकी, की गुंड्या कायम वरखाली लागायच्या... मग म्हणाली, "दिसाला शंभर चिरे उचलायचे, पन घरातली कळशी उचल म्हटलं की खांदा दुखायचा."

ताई हसल्या. आईसुद्धा हसली. हसता हसताच तिला रडू आलं आणि ती बराच वेळ रडली. ताई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. छातीवरचा चिरा कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटत होतं.

त्या दिवसापासून आई घरातही वडिलांबद्दल बोलायला लागली. अगदी शेवटपर्यंत.

शूटिंग संपल्यावर ताईंनी दोन शर्ट आणून दिले, एक वडिलांचा, जो आईने नमुन्यासाठी त्यांच्याकडेच राहू दिला होता, आणि एक न फाटलेला सिनेमातला. आईने त्यातला एक धोंडूकाकांना दिला. ते खाणीवर वडिलांचे जोडीदार. दुसरा पुन्हा खुंटीवर गेला, पुढे कधीतरी ट्रंकेत. तो सिनेमा आम्ही कधी पाहिला नाही.

घरात राहिला तो कुठला, हे मी एकदा आईला विचारलं होतं. म्हणाली, "तुला काय करायचंय? दोन्हींचं ठिगळ माझंच हाय."

परवा शर्ट उजेडात धरून खूप वेळ बघितला. जांभ्याचा लाल डाग आहे, ठिगळ खांद्यावर जरा मागे आहे. वडिलांचा की सिनेमातला... नाही ओळखता आलं.

टाके मात्र आईचे आहेत. शर्ट खुंटीवर लावला, दार ओढून घेतलं आणि एसटी पकडली. बऱ्याच दिवसांनी त्या रात्री शांत झोप लागली.