सगळ्यांचा बीपी एकशे दहा, सत्तर

निवृत्त झाल्यावर एका संस्थेने मला कामावर घेतलं. गरोदर बायांची तपासणी नीट होते की नाही, ते पाहायचं. जन्मभर नर्स म्हणून काढलेली, गोंडपिपरीकडची मी, बायांची बोली माझीच. धानोऱ्याच्या बाजूला गावोगाव जायचं, उपकेंद्रावर बसून बायांची कार्डं बघायची आणि फॉर्मवर खुणा करायच्या. वजन लिहिलंय? बरोबर. बीपी लिहिलाय? बरोबर. तीन गावं अशी झपाझप उरकली.

चौथ्या गावात कार्डांचा गठ्ठा उलटताना हात थांबला. एकीचा बीपी एकशे दहा, सत्तर. दुसरीचा तोच, तिसरीचाही तोच. नुकतं लग्न झालेली पोरगी असो की चौथ्या खेपेची बाई, सगळ्या महिन्यांत तोच एक आकडा.

तिथल्या नर्सला म्हटलं, "मशीन दाखव."

तिने कपाटातून काढलं. फुगा चिरलेला. दाबला की नुसती हवा जायची.

"पावसाळ्याच्या आधीपासून असंच हाये जी. तीनदा लिहून देल्लं. मिटिंगमंदी वरचे म्हणते, कार्डावरचा रकाना रिकामा दिसला नाई पाहिजे. मंग मी काय करू?"

मला तिला फाडफाड बोलायचं होतं. पण रकान्याची ही भीती मीही वर्षानुवर्षं बाळगली होती. तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून एका म्हाताऱ्या बाईने हाक मारली. तलावावर मासे मारणाऱ्या कुटुंबातली ती. सुनेला घेऊन आली होती. सुनेचं पहिलंच, आठवा महिना. पाय इतके सुजलेले की तिने नवऱ्याची चप्पल घातली होती.

"डोकं लय दुखून राह्यलं बाई," पोरगी म्हणाली. "परवापासून. डोळ्यापुढं अंधारी येते."

"आधी काऊन नाई आणलं हिले?" मी सासूवर खेकसले.

"कार्डावर तं सब ठीक लिवलं हाये म्हणे," ती म्हणाली. "आमाले वाचता येत नाई. आमी कार्डावर भरोसा ठेवला."

माझ्या पिशवीत माझं जुनं मशीन होतं. मोजला. एकशे सत्तर, एकशे दहा. पुन्हा मोजला. तोच.

संस्थेतल्या साहेबाला फोन लावला, मला घेऊन आलेली सर्वेची जीप हिला न्यायला हवी म्हणून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आपलं काम फक्त बघायचं आहे. मध्ये पडलात तर निरीक्षण बिघडतं."

बघायचं! एक पोरगी डोळ्यांदेखत फिटच्या झटक्यांकडे चाललीय आणि मी बघायचं? मी फोन कापला. अॅम्ब्युलन्सला दीड तास लागणार होता. ड्रायव्हरभाऊला म्हटलं, "काढा गाडी." त्यानेही साहेबाला विचारलं नाही.

वाटेत पोरगीने दोनदा ओकारी केली. मग माझं मनगट धरून म्हणाली, "बाई, लेकरू हालून नाई राह्यलं." मी तिला धीर दिला. खोटाच.

दवाखान्याच्या दारातच तिला झटका आला. डॉक्टरांनी धावपळ केली, इंजेक्शनं दिली, पुढे जिल्ह्याला नेलं. ती वाचली. लेकरू मेलेलंच जन्मलं. मुलगी होती. सासूने तिला पदरात घेतलं आणि मला विचारलं, "तुमी तपासाले आल्ता ना बाई? मंग काय तपासत होत्या?"

आठवडाभराने साहेबाने त्या गावाचा फॉर्म मागितला. बीपीच्या प्रश्नावर आडवी रेघ मारून मी लिहिलं होतं, 'इथे बीपी मोजतच नाहीत.' तो वैतागला. "प्रश्न 'लिहिलाय का' असा आहे, मॅडम. 'मोजला का' असा नाही. कंप्युटरमध्ये शेरा टाकायला जागाच नाही." त्या उपकेंद्राला पूर्ण गुण पडले. लेकरू पुरून माती वाळलीही नव्हती.

त्याच्या टेबलावर ओळखपत्र टाकून मी बाहेर पडले. पण राग त्याच्यावर सोडून मोकळं होता येईना. पहिल्या तीन गावांत बरोबरच्या खुणा कोणी केल्या होत्या? मीच ना? जिने जन्मभर बीपी मोजला, तिनेच लिहिलेलं पाहून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी करून मी मशीन घेऊन निघाले. पहिल्या गावात सगळ्या ठीक निघाल्या. दुसऱ्या गावात धान कापून आलेली एक बाई ओट्यावर बसली होती, सातवा महिना. तिच्या कार्डावर एकशे दहा, सत्तर. माझ्या मशीनवर एकशे पन्नास, शंभर.

"काऊन बाई, काई झालं काय?" तिने माझा चेहरा पाहून विचारलं.

"तुयं कार्ड खोटं हाये," मी म्हटलं. "अन् त्याले मीच बरोबर म्हणून गेली होती. चाल, दवाखान्यात जाऊ."

ती ओट्यावरून उठली. मग आत जाऊन तिने लुगडं बदललं आणि येऊन गाडीत बसली.