कामिनीची सहल आणि माझी

कामिनी म्हणजे माझी धाकटी जाऊ, माहेर दोंडाईचा. मी ज्योत्स्ना, थोरली. पिंप्राळ्यात घर एकच. खाली आम्ही, वर ते. कामिनी झेरॉक्सच्या दुकानात बसते. दिसायला चारचौघींसारखी, बोलणं कमी. पण पोरांना फिरायला न्यायचं म्हटलं की हिच्यापुढे कोणी नाही. आणि माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

तिची रीत ऐका. पद्मालयाला जायचं असलं की आदल्या दिवशी गोष्ट सुरू करते आणि ऐन रंगात थांबवते. उरलेली तळ्याकाठी सांगणार. प्रत्येक पोराला एक काम. माझ्या सहा वर्षांच्या पियुषने पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या, तिच्या छकुलीने कमळं शोधायची. वाटेत केळीचा ट्रक भरताना दिसला की गाडी थांबलीच. जेवायला साध्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आल्यावर आठवडाभर पियुषचं एकच, काकू असं म्हणाली, काकूने तसं केलं. झोपायलासुद्धा वर जातो. सासूबाई म्हणतात, "कामिनीना हातमा जादू शे." मग माझ्या हातात काय, नुसतं लाटणं?

या थंडीत मी जाहीरच करून टाकलं की यंदाची सहल मी ठरवणार. पियुष तिच्याकडे बघतो तसं एकदा माझ्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं. कामिनी लगेच म्हणाली की मला दुकानातून सुट्टी मिळणार नाही, अक्का, तुम्ही छकुलीला तेवढी न्या. मी मनात म्हटलं, बरं झालं, ब्याद टळली.

पारोळ्याचा किल्ला ठरला. आता थंडीचे दिवस, पारोळ्याजवळ आमच्या तोताराममामांचं शेत, आणि खान्देशातलं माणूस भरीत न करता तिथून पुढे जाईल? आधी भरीत, मग किल्ला, असं मीच ठरवलं. तिथेच माती खाल्ली. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली, हिरव्या मिरच्या कुटल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळल्या. मोठ्यांनी असा ताव मारला की माझा नवरा भूषण आणि दीर भूपेंद्र निंबाखाली आडवेच झाले. पोरांना ते तिखट खाववेना, ती बिचारी बिस्किटांवर राहिली. उठवून उठवून माझा घसा बसला. किल्ल्यावर पोचलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती.

मी मोबाईलवरून इतिहास वाचायला घेतला. पियुषने विचारलं, "मम्मी, माझं काम काय?"

"तुझं काम गप्प ऐकायचं," मी म्हटलं.

तो खरंच गप्प झाला. छकुली तर बुरुजाला टेकून पेंगायला लागली. मला समजत होतं की सगळं फसलंय, आणि वर याचाही राग येत होता की कामिनीचं कसं फसत नाही.

परतताना मी पियुषला मांडीवर घेतलं. एरंडोल मागे पडलं तसा तो म्हणाला, "मम्मी, आज खूप मजा आली. काकूपेक्षा जास्त."

काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं. मी भूषणला हलवून उठवलं, ऐका म्हटलं तुमचा लेक काय म्हणतोय. पियुषला पुन्हा म्हणायला लावलं. त्याने पाठ केल्यासारखं पुन्हा म्हटलं. शेजारी छकुलीने अर्धवट डोळे उघडले.

"दादा, तुझं काम झालं," ती म्हणाली. मग मला समजावून सांगितलं, "मोठी मम्मी, आईने दादाला काम दिलं होतं. गाडीत बसलं की असं म्हणायचं."

पियुषने जीभ चावली आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

घरी आलो तर कामिनी जिन्यात उभी. कशी झाली सहल, म्हणून विचारलं. मी म्हटलं, छान झाली. पियुष माझा हात सोडून तिच्याकडे धावला.

मेली वाईट तरी असती. मग मी मनासारखी भांडले असते.