पिठाचा अंगठा

परवा हयातीचा दाखला आणायला ग्रामपंचायतीत गेले. शिपायानं शिक्क्याचं पॅड उघडलं आणि त्या शाईच्या वासानं माझं टाळकंच फिरलं.

पन्नास वर्षांमागं मेढ्याजवळच्या या आमच्या गावात मी पंचायतीची मेंबर होते. नावालाच. सभा चावडीत व्हायची आणि नंतर शिपाई ठरावाची वही घेऊन माझ्या चुलीपाशी यायचा. त्या सकाळी माझे हात नाचणीच्या पिठात होते.

"वैनी, अंगठा द्या. सरपंचांनी सांगितलंय."

"मी सातवी पास हाय. आदी वाचू दे."

वहीत लिहिलं होतं, डोंगरावरच्या वाडीला नळाची गरज नाही, नळ सरपंचांच्या आळीत बसवावा. सर्वानुमते मंजूर.

दारातून सासरे गुरगुरले, "वाचत काय बसलीस? लाव अंगठा."

पिठाच्याच हातानं मी शिपायाच्या शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि वहीत लावला.

त्यानंतर वाडीच्या बाया कित्येक वर्षं माझ्या दारावरून हंडे घेऊन डोंगर चढत राहिल्या. तेव्हा मला सासऱ्यांचा राग यायचा. आता माझाच येतो.

पंचायतीच्या भिंतीवर माझा फोटो आहे, 'गावच्या पहिल्या महिला सदस्य'. परवा शिपायाला म्हटलं, "त्यो उतरव. त्या वहीचं पान लाव तितं."